अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा सीझन असतो म्हणजे नक्की काय? आणि आपल्याकडे भेकर (आपल्या रानातलं छोटं हरीण) मारलं तर?

देवगडकर_बागवाला

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा आडवातिडवा आहे सांभाळून घ्या. माझा मावसभाऊ विस्कॉन्सिनला असतो, एच वन म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, त्याने गेल्या थंडीत ग्रुपवर फोटो टाकला, भगवं जाकीट, भगवी टोपी, हातात बंदूक आणि बाजूला हे एवढं शिंगवालं हरीण. खाली लिहिलंय सगळं लीगल आहे काळजी नसावी. आता पुढच्या नोव्हेंबरात मी तिकडे जातोय तर म्हणतो चल तू पण. इकडे तो फोटो बघून घरात दोन पार्ट्या पडल्या, आई म्हणते पाप आहे, आणि काका म्हणतात की आमच्या वेळी पण लायसन काढून शिकार व्हायची त्यात काय एवढं.

तर मला कळत नाहीये ते असं, सीझन म्हणजे त्या दिवसांत कोणीही कितीही मारायची मुभा असते का? व्हिसावर गेलेल्या माणसाला बंदूक हातात घेता येते का? आणि तिसरं आमच्या मतलबाचं, आमच्या कातळावरच्या काजूच्या कलमांचे शेंडे आणि खालच्या मळ्यातली चवळी भेकरं साफ करतायत, काकांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे तिचं लायसन पण चालू आहे, मग त्याच्यावर भेकर मारलं तर चालतं का? गावात विचारलं तर दहा जण दहा सांगतात.

मिडवेस्ट_मालवणी

भावा मी मिनेसोटात असतो पण शिकारीला शेजारी विस्कॉन्सिनात मित्रांबरोबर जातो त्यामुळे तिथलं सांगतो. पहिलं म्हणजे अमेरिकेचा असा एक नियम नाहीच, प्रत्येक राज्याचं वेगळं पुस्तक असतं आणि ते दरवर्षी बदलतं, त्यामुळे टेक्सासवाल्याने सांगितलेलं विस्कॉन्सिनात चालवू नकोस. विस्कॉन्सिनात धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून चालू होतो, पण खरी जत्रा असते ती बंदुकीच्या ९ दिवसांची, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा त्यांचा सण) आधीच्या शनिवारी सुरू. अख्खं राज्य रानात. आणि तुला गंमत वाटेल, ते ९ दिवस संपले की लगेच पुढचे १० दिवस ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो! तुझ्या काकांना सांग.

आता मुभा म्हणशील तर मुभाबिभा काही नाही. लायसन घ्यायचं, त्यावर किती आणि कुठलं जनावर ते ठरलेलं. बंदुकीच्या लायसनवर शिंगवाला नर एक. मादीसाठी वेगळा परवाना आणि तो अमुक भागापुरताच, म्हणजे समज देवगड तालुक्याचा परवाना घेऊन कणकवलीत मादी मारलीस तर गुन्हा. भाग ठरवताना त्या वर्षी तिथे हरणं किती झालीत त्यावर कोटा कमीजास्त करतात. मारलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत ऑनलाईन किंवा फोनवर नोंद करायची. कमरेच्या वर जे कपडे दिसतात त्यातले निम्मे तरी झगझगीत भगवे पाहिजेत, टोपी घातली तर ती पण, २०१६ पासून झगझगीत गुलाबी पण चालतो. फोटोत तो भगवा दिसतोय ती फॅशन नाही, दुसऱ्याच्या गोळीपासून वाचायची सोय आहे. अंधारात मारायचं नाही, रोजची वेळ मिनिटाच्या हिशोबात छापलेली असते. आणि मटण विकायचं नाही, रानातल्या हरणाचा एक तुकडा पण विकलास तर गेलास. स्वतः खा, मित्रांना दे, नाहीतर गरिबांच्या अन्नछत्राला दान कर, बरेच लोक तेच करतात.

व्हिसाचं म्हणशील तर त्यांच्या फेडरल कायद्यात तात्पुरत्या व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला बंदी आहे, पण ज्याच्याकडे कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन आहे त्याला सूट. म्हणजे लायसन आधी, बंदुकीला हात नंतर. आणि ट्रेनिंग. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तिथे सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय नेहमीचं लायसन मिळत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी एक पळवाट आहे, अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरावर राहून शिकार करायची, त्यासाठी पण लायसन लागतंच. माझा सल्ला मागशील तर बंदूक घेऊच नकोस, नुसता बघायला जा. पहाटे चारला उठून झाडावरच्या मचाणावर उणे दहा डिग्रीत न हलता बसायचं असतं आणि बहुतेक वेळा काही येत नाही.

आबा_आचरेकर

अरे मेल्या तुका बंदूक देतलो कोण, साधी पायाखाली इलेली घोणस बघून पळालेलो माणूस तू 😄

देवगडकर_बागवाला

आबा तुम्ही पण ना. @मिडवेस्ट दादा खूप डिटेल सांगितलंत. पण मादी मारायला परवाना देतात हे काय पटलं नाही, मादी मारली तर पुढे हरणं उरणार कशी? आपल्याकडे तर मच्छीमार पण अंड्यावरची मासळी सोडा म्हणतात, पावसाळ्यात बंदी असते.

रानवाटा_चिपळूण

मासेमारी बंदीची तुलना इथे उलटी लागते म्हणून मी मध्ये पडतो. तिकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण नोव्हेंबरच्या आसपास माजावर येतं आणि पाडसं मे-जूनमध्ये होतात. म्हणजे सप्टेंबर ते जानेवारी शिकार ठेवली तर पाडसं दूध सोडून स्वतः चरायला लागलेली असतात, आई मेली तरी पोर मरत नाही. सीझनच्या तारखा या हिशोबाने बसतात. मादी मारायची कारण संख्या मादीवरच ठरते, एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, नुसते नर मारून कळप कमी होत नाही. आणि तिकडे प्रॉब्लेम जास्तीचा आहे. १९०० च्या आसपास बाजारू शिकारीने ही हरणं अख्ख्या अमेरिकेत पाचेक लाखांवर आली होती, आज ती साधारण तीन कोटी धरतात. लांडगे-पुमा बहुतेक ठिकाणाहून गेलेले, मका-सोयाबीन भरपूर, मग हरणं गाड्यांवर आदळतात आणि वाईट थंडीत उपाशी मरतात. त्यात २००२ पासून विस्कॉन्सिनात हरणांचा मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग नावाचा रोग सापडलाय, त्याला औषध नाही, म्हणून बऱ्याच जिल्ह्यांत दाणा-मका टाकून हरणं गोळा करायला पण बंदी आहे.

आता आपलं भेकर बघा. त्याला ठरलेला विणीचा हंगाम नाही, वर्षभर कधीही पिल्लू होतं. सीझन ठरवायचा तरी कुठल्या महिन्यात? प्रत्येक महिन्यात कुठल्यातरी मादीच्या पोटात नाहीतर पायाशी पिल्लू असणार. आणि आपल्याकडे बिबट्या आहे. भेकर संपलं की तो कुत्र्यांसाठी आणि वासरांसाठी वाड्यात येतो, मग तुम्हीच बोंब मारणार. त्यामुळे तिकडचा नियम इथे आणा म्हणणाऱ्यांनी आधी तिकडचं मोजमाप इथे आणावं. तिथे बंदुका-काडतुसांवरचा १० ते ११ टक्के कर १९३७ च्या कायद्याने थेट वन्यजीवांच्या कामाला जातो, त्यातून मोजणी होते, जागा विकत घेतात. आपल्या तालुक्यात भेकरं किती हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकतं का?

कोर्टकचेरी_कुडाळ

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, आणि काकांना हे नक्की वाचून दाखव. बंदुकीचं लायसन १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतं. ते बंदूक बाळगायचं लायसन आहे, जनावर मारायचं नाही. जनावराचा कायदा वेगळा, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. शेतीसंरक्षण लिहिलंय म्हणजे हवेत बार काढून हाकलायचं, भेकर पाडायचं नव्हे. ही गल्लत सिंधुदुर्गात इतक्या लोकांची होते की विचारू नका.

आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं असं समजू नका. फासकी लावणं, सापळा, विष, आमिष दाखवणं, हाकारा घालून जनावर पिटाळणं, यातलं सगळं शिकारीच्या व्याख्येत आहे, प्रयत्न केला तरी. म्हणजे शिमग्यात दहा जण पारधीला गेले आणि बंदूक एकाच्याच हातात होती तरी रान उठवणारे नऊ जण सुटत नाहीत. मटणाचा वाटा घरी आलेला असला तर ते पण, आणि ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. बंदूक, गाडी जप्त. शिक्षा अनुसूचीप्रमाणे (कायद्याला जोडलेल्या जनावरांच्या यादीप्रमाणे) बदलते, २०२२ च्या दुरुस्तीत आकडे वाढलेत. अनुसूची एकमधलं जनावर असेल तर ३ ते ७ वर्षं आणि किमान २५ हजार दंड, बाकीच्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेलं तर ती गोष्ट वेगळी. पण भेकर अंगावर आलं होतं असं कोर्टात सांगून बघा, जज पण हसेल.

काका म्हणतात ते मात्र खोटं नाही. १९७२ चा कायदा आला तेव्हा त्यात लायसनवर शिकार होती, मोठी शिकार लहान शिकार असे वर्ग होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळं काढून टाकलं. म्हणजे काकांच्या तरुणपणी चालायचं, आता नाही.

आबा_आचरेकर

बाय बरोबर सांगता. माझ्या वडलांकडे लायसन होतं. तेव्हा पण नियम होतेच, मादी आणि पिल्लू मारायचं नाही, गाडीतून मारायचं नाही, बॅटरीच्या उजेडात मारायचं नाही, आणि शिंगावर मऊ लव असलेला नर सोडायचा. पाळत कोण होतं ती गोष्ट वेगळी. रात्री जीप घेऊन बॅटरी मारत फिरणारे बाहेरचे साहेब लोक यायचे, आणि त्यांना रान दाखवायला आमचेच लोक जायचे दारूच्या बाटलीसाठी. सांबरं तेव्हाच गेली आमच्याकडची, कायद्याने नाही घालवली. राजे-नवाबांचं तर काय, मुरुडचं फणसाड आज अभयारण्य आहे ते आधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, त्याने स्वतःसाठी राखलं म्हणून उरलं. गरिबाने मारलं की चोरी, नवाबाने मारलं की शौक, हे पण लिहून ठेवा.

माळ्यावर वडलांच्या वेळचं सांबराचं शिंग आहे एक. त्याचं काय करायचं गो बाय?

कोर्टकचेरी_कुडाळ

आबा त्याचा मालकीचा दाखला आहे का बघा. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा ज्यांनी केलं नाही त्यांची अडचण आहे. विकू नका, कोणाला भेट देऊ नका, फोटो काढून स्टेटसला तर बिलकुल लावू नका. आधी कागद शोधा, नसेल तर वकिलाला घेऊन वनखात्यात जा. इथे जाहीर लिहीत बसू नका, मेसेज करा मला.

ह्यूस्टनची_सून

माहेर दापोली म्हणून डोकावतेय. आपलं चितळ इथे टेक्सासमध्ये आहे बरं का! १९३२ च्या सुमारास आणून सोडलेलं, आता डोंगराळ भागात कळपच्या कळप. आणि ते इथलं देशी हरीण नाही म्हणून त्याला सीझनच नाही, बारा महिने कधीही मारा, मर्यादा पण नाही, फक्त लायसन आणि जमीनमालकाची परवानगी. इथे जवळजवळ सगळी जमीन खाजगी त्यामुळे खरा खर्च मालकाला द्यायच्या पैशाचा असतो. हॉटेलात चितळाचं मटण मेनूवर बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं. नवऱ्याने खाल्लं. @देवगडकर तुझ्या भावाला एवढं सांग की येताना बॅगेत शिंग, कातडं, सुकं मटण काहीही पाठवू नकोस. मटणाला इंपोर्ट परमिट लागतं, आणि शिंग विस्कॉन्सिनचं आहे की आंबोलीचं हे विमानतळावर तू कसं पटवणार.

देवगडकर_बागवाला

नाही आणत बाबा, आई घरात घेणारच नाही. बरं मग मी फक्त बघायला जाणार, भगवं जाकीट त्याचंच घालतो. पण माझ्या चवळीचं काय? मारायचं नाही हे पटलं, पण नुकसान आम्ही किती वर्षं सोसायचं.

रानवाटा_चिपळूण

भरपाईच्या यादीत हरीण आहे, फक्त डुक्कर-गवा नाही. नुकसान दिसलं की ३ दिवसांच्या आत अर्ज, सातबारा जोडायचा, पंचनामा होईपर्यंत खाल्लेले शेंडे आणि खुरांचे ठसे तसेच ठेवायचे, साफसफाई करू नका. फोटो तारखेसकट काढा. १९२६ हा वनविभागाचा हेल्पलाईन नंबर आहे, तिथे कॉल केलात की नोंद राहते. पैसे हातात यायला वेळ लागतो हे खोटं बोलणार नाही, आमच्या वाडीत एकाला इतकी रक्कम आली की रिक्षाभाडं जेमतेम सुटलं. कलमं लहान असेपर्यंत प्रत्येकाला जाळीचं कुंपण हाच खरा उपाय, भेकर काही बांध फोडून येणारं जनावर नाही, ते सोपा रस्ता बघतं. मळ्याला पण खालून जाळी घट्ट ताणा, ते वाकून घुसतं.

देवगडकर_बागवाला

आणि डुक्कर? ते तर जाळी उचकटतंच.

कोर्टकचेरी_कुडाळ

डुकराचं वेगळं आहे. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी काढून मारायची तरतूद आहे महाराष्ट्रात. पण परवानगी आधी, बार नंतर. आणि त्या कागदावर डुक्कर लिहिलंय म्हणून अंधारात भेकराला डुक्कर समजलो ही सबब चालत नाही. डुकराचा नवीन धागा काढ, त्यावर मला लांबलचक लिहायचंय.