मदत हवी आहे: रस्त्याचं बिल निघालं, नगरपरिषद कागद देईना

दुधनाकाठ | सकाळी ११:०४
आमच्या गल्लीतला रस्ता उन्हाळ्यात झाला अन् दिवाळीच्या आत वरून उखडायला लागला. गुत्तेदाराचं बिल मात्र निघालं. माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर उत्तर आलं: 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेख पाहावेत.' सरळ टोलवाटोलवी करायलेत. आता थेट तक्रार कुठं करायची, कलेक्टर की मंत्रालय? एवढंच सांगा. 'आधी नगरसेवकाला भेटा' असले सल्ले नकोत.

एमबी_वाचक | ११:३१
रस्ता डांबरी, सिमेंट की पेव्हर ब्लॉकचा? कोणत्या योजनेतून? उत्तराचं पत्र हातात पडून किती दिवस झाले? अन् अर्जात काय मागितलं होतं ते शब्दाला शब्द टाका. एवढं कळल्याशिवाय काही सांगता येत नाही.

बालाघाट_४५ | ११:४०
आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, फोटो जोडा. घरबसल्या होतं, टोकन नंबर मिळतो.

एमबी_वाचक | ११:४८
पोर्टलची तक्रार फिरून त्याच नगर अभियंत्याच्या टेबलावर येते. 'काम अंदाजपत्रकानुसार झाले आहे' एवढी एक ओळ लिहिली की तक्रार निकाली. अंदाजपत्रक हातात नसताना ती ओळ खोडणार कशी?

बालाघाट_४५ | ११:५५
निकाली निघाली तरी लेखी उत्तर मिळतं की. पुढं कागद मिळाले की तेच उत्तर खोटं ठरवता येतं. दोन्ही करा म्हणतोय मी.

काळी_माती | दुपारी १२:१०
डांबरी धरून सांगतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून आक्रसते. तिच्यावर चांगल्या मुरुमाचा दाबलेला थर नसेल अन् बाजूला नाली नसेल, तर वरचं २० मिमी कारपेट (डांबर-खडीचा पातळ थर) पहिल्याच पावसात सुटतं. नगरपालिकांचा पैसा इथंच वाया जातो. नाली न करता आधी रस्ता करतात, मग नालीसाठी तोच फोडतात. मंजुरीच्या फायलीत नालीचा बाब क्रमांक आहे का, ते आधी बघा.

गोदा_पट्टा | १२:२२
तुम्ही गल्लीचं काय घेऊन बसलात? संभाजीनगरची पाणी योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. तिथं विचारा हिशेब.

पूर्णा_०७ | १२:३०
घरपट्टी वाढवली असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या अन् सुनावणीला मोजणीचा नकाशा न्या. तोंडी हरकत धरत नाहीत.

मांजरा | १२:३४
घरपट्टीचं कुणी विचारलं नाही, अन् पाणी योजनेसाठी वेगळा धागा काढा.
दुधनाकाठ, कामाचं नाव काय आहे ते शोधा. नगरपरिषदेत कामाचं नाव 'अमक्यांच्या घरापासून तमक्यांच्या घरापर्यंत' असं असतं. त्यामुळं एकच गल्ली उलट्या दिशेनं दुसऱ्या नावानं पुन्हा मंजूर झाली तरी यादीवरून लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे तुकडे. एक सलग रस्ता तीन कामांत मोडला की प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली राहतो. तिन्ही कार्यारंभ आदेश एकाच तारखेचे अन् एकाच गुत्तेदाराचे निघाले, तर तोच तुमचा पुरावा.

दुधनाकाठ | १:५०
सिमेंटचा आहे, लिहायचं राहिलं. तडे नाहीत. वरची पोपडी निघायलीय, चपलेनं घासलं की राखाडी पूड येते अन् खालची खडी उघडी पडते. फलक लावलेला नाही, त्यामुळं योजना माहीत नाही. तेव्हा प्रशासक होते. पत्र मिळून २२ दिवस झाले. अर्जात 'मागील पाच वर्षांत शहरात झालेल्या सर्व रस्त्यांची संपूर्ण माहिती व कागदपत्रे' मागितली होती. आता सांगा कलेक्टर की मंत्रालय.

एमबी_वाचक | २:२५
सध्या दोन्ही नाही. तुमच्या हातात ८ दिवस आहेत. कलम १९(१)चं पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जाची अन् उत्तराची प्रत जोडा, आवक शिक्क्याची पोच घ्या. पण खरं सांगतो, अपिलात फार जोर नाही. पाच वर्षांचे सगळे रस्ते मागितल्यावर कलम ७(९) दाखवून 'येऊन पाहा' म्हणायला त्यांना जागा मिळाली.

म्हणून सोबत नवा अर्ज टाका. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, फक्त तुमच्या गल्लीचं काम. यात मागा: प्रशासकाचा ठराव, प्रशासकीय अन् तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (एम.बी., म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही) या कामाची पानं, सर्व देयकं, क्यूब चाचणी अहवाल (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासल्याचा), तृतीय पक्ष तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत दोष निघाला तर गुत्तेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा) संपण्याची तारीख, अनामत परत केल्याची नोंद. 'रस्ता का उखडला' असं विचारू नका. अर्जातून कागद मिळतो, खुलासा नाही.

अन् ते 'या' म्हणालेत तर जाच. अभिलेख पाहणं हा कलम २(ञ)चा हक्क आहे. एम.बी.त लांबी, रुंदी, जाडी, मोजल्याची तारीख अन् तपासणाऱ्याची सही बघा. समजा ३०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५० मिमी जाड लिहिलंय. म्हणजे १८० घनमीटर काँक्रीटचे पैसे गेले. जागेवर जाडी ११० मिमी भरली तर काँक्रीट १३२ घनमीटरच. ४८ घनमीटर फक्त कागदावर.

मांजरा | २:४०
अपिलात जोर नाही म्हणू नका हो, माणूस करायचंच सोडून देईल. सुनावणीत अधिकाऱ्याला तारीख देऊन कागद दाखवायला भाग पाडता येतं. शिवाय पैसा जिल्हा नियोजन समितीचा असेल, म्हणजे जिल्हास्तर नगरोत्थान योजना वगैरे, तर प्रशासकीय मान्यतेची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेतही असते. तिथं वेगळा अर्ज टाका अन् दोन्हीकडचे कागद ताडून बघा.

एमबी_वाचक | २:४६
सोडा म्हटलं नाही, अपील कराच. पण फक्त अपिलावर बसून राहिले तर दोष दायित्व कालावधी संपेल अन् अनामत परत जाईल. मग गुत्तेदाराला धरायला काही उरत नाही. म्हणून आजच मुख्याधिकाऱ्यांना वेगळं पत्र द्या: रस्त्यात अमुक दोष आहे, दोष दायित्व कालावधीत गुत्तेदाराकडून स्वखर्चानं दुरुस्त करून घ्यावा, तोवर अनामत सोडू नये. तारखेसह फोटो जोडा.

काळी_माती | ३:०५
सिमेंटचा असेल तर माझं वरचं उत्तर बाजूला ठेवा. पूड निघणं हा जाडीचा दोष नाही, वरच्या थराचा आहे. मालात पाणी जास्त घातलं, वर सुटलेल्या पाण्यावरच थापी फिरवली, नाहीतर पाणी मारलं नाही. उन्हाळ्यात ओतलेल्या रस्त्यावर मातीचे वाफे करून किमान १४ दिवस पाणी उभं ठेवावं लागतं. टँकरनं सकाळ-संध्याकाळ शिंपडलेलं तासाभरात उडून जातं.

कोअर, म्हणजे रस्त्यातून यंत्रानं कापलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढायची मागणी करा. किमान तीन, कुठं काढायचे ते गुत्तेदारानं ठरवायचं नाही. काँक्रीट एम-३० (२८ दिवसांनी ३० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं) असेल तर तिन्हींची सरासरी २५.५ न्यूटन प्रति चौरस मिमी अन् एकही कोअर २२.५च्या खाली नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ८५ अन् ७५ टक्क्यांचा नियम आहे. जाडीही त्याच कोअरवर मोजली जाते. स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन फोडू नका, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस म्हणून तुमच्यावरच उलटेल. साहित्याचा प्रमाणित नमुना माहिती अधिकारातही मागता येतो.

दुधनाकाठ | ४:३०
अपील अन् मुख्याधिकाऱ्यांचं पत्र आजच देतो. उद्या ११ वाजता अभिलेख पाहायला जातो. क्यूबचा अहवाल फक्त ७ दिवसांचा दाखवला तर?

काळी_माती | ४:४१
चालत नाही. ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, तो नुसता अंदाज. २८ दिवसांचा मागा. त्यावर क्यूब भरल्याची तारीख असते, ती एम.बी.तल्या काँक्रीट ओतल्याच्या तारखेशी जुळवा. क्यूब आधीच्या तारखेचा निघाला तर ते काँक्रीट दुसऱ्या कामाचं.

बालाघाट_४५ | ४:५०
अन् पोर्टलवर पण टाका.

काळी_माती | ४:५८
जाताना मीटरपट्टी न्या. रस्त्याची कड नालीकडं जिथं उघडी असेल तिथं चार ठिकाणी जाडी मोजा, फोटोत पट्टीचे आकडे अन् मागचं घर दोन्ही दिसू द्या. कडेला माल मुद्दाम जाड टाकतात, म्हणून याला कोअरची जागा देऊ नका.