फॉरवर्ड की इन्क्लूड? इन्क्लूड केलेल्या पानातला रिडायरेक्ट चालत नाही, आणि मोठ्या अहवालात फॉरवर्ड फुटतो

कंसातला_कंस

टॉमकॅट १० या जावा सर्व्हरवर सर्व्हलेट (रिक्वेस्ट हाताळणारे जावा क्लास) आणि जेएसपी (जावा मिसळलेली एचटीएमएल पानं) असं ॲप आहे. वरची पट्टी, मेनू आणि तळाची पट्टी या तिन्ही वेगळ्या जेएसपी आहेत आणि प्रत्येक पानात जेएसपी:इन्क्लूड टॅगने येतात. दोन गोष्टी अडल्यात.

एक. लॉगिनची तपासणी वरच्या पट्टीच्या जेएसपीत ठेवली आहे. सेशनमध्ये यूझर नसेल तर सेंड-रिडायरेक्टने (ब्राउझरला दुसरा पत्ता मागायला सांगून) लॉगिनच्या पानावर पाठवायचं. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, पण रिडायरेक्टही होत नाही. लॉगिन न केलेल्याला आतलं पान जसंच्या तसं दिसतं.

दोन. अहवालाच्या पानात ओळी छापताना मध्येच चुकीची नोंद सापडली तर जेएसपी:फॉरवर्डने त्रुटीच्या पानाकडे पाठवलं आहे. थोड्या ओळी असल्या की व्यवस्थित चालतं, जास्त झाल्या की इल्लीगल-स्टेट-एक्सेप्शन. बफर (पाठवण्याआधी मजकूर साठतो ती जागा) वाढवायचा का? की इथे फॉरवर्डऐवजी इन्क्लूड वापरायचं?

आधी_हेडर

पहिल्याचं आधी. ते सर्व्हलेटच्या नियमांप्रमाणेच चाललंय, टॉमकॅटचा दोष नाही.

फॉरवर्डमध्ये रिस्पॉन्स पूर्णपणे दुसऱ्या पानाच्या हवाली होतो: स्टेटस, हेडर, कुकी, मजकूर, सगळं. तोवर बफरमध्ये साठलेला आणि अजून न गेलेला मजकूर पुसला जातो. आधी लावलेले हेडर मात्र तसेच राहतात, हे बरेच जण विसरतात. पहिल्या सर्व्हलेटने कॅशेचा हेडर लावून मग फॉरवर्ड केलं तर तो हेडर पुढच्या पानाबरोबर ब्राउझरकडे जाणारच.

इन्क्लूडमध्ये रिस्पॉन्स बोलावणाऱ्या पानाकडेच राहतो. आतल्या पानाला फक्त मजकूर लिहिता येतो. स्टेटस बदलणं, हेडर किंवा कुकी लावणं, सेंड-रिडायरेक्ट, सेंड-एरर या सगळ्या गोष्टी कंटेनर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, इथे टॉमकॅट) गुपचूप सोडून देतो. म्हणूनच तुमच्या लॉगमध्ये काही दिसत नाही. अपवाद सेशनचा: आतल्या पानाने नवं सेशन मागितलं तर ते मिळतं. पण तोवर रिस्पॉन्स कमिट झालेला असेल, म्हणजे हेडर ब्राउझरकडे निघून गेले असतील, तर सेशनची कुकी लावता येत नाही आणि एक्सेप्शन येतं.

तेव्हा लॉगिनची तपासणी कुठल्याही तुकड्यात ठेवू नका. फिल्टर लिहा, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हलेटपर्यंत पोचण्याआधी चालणारा क्लास. फिल्टरमध्ये यूझर नसेल तर सेंड-रिडायरेक्ट, आणि लगेच रिटर्न. त्या वाटेने डू-फिल्टरची पुढची साखळी चालता कामा नये. लॉगिनचं पान आणि सीएसएस, चित्रं यांचे पत्ते तपासणीतून वगळा, नाहीतर लॉगिनचं पान स्वतःकडेच रिडायरेक्ट होत राहतं आणि शेवटी ब्राउझर कंटाळून थांबतो.

सगळ्या जेएसपी वेब-इन्फ फोल्डरच्या आत हलवा. तिथली फाइल ब्राउझरला थेट मागता येत नाही, ४०४ मिळतो. फॉरवर्ड आणि इन्क्लूडला मात्र ती दिसते. फिल्टर मुळात बाहेरून आलेल्या रिक्वेस्टवरच चालतो. फॉरवर्ड किंवा इन्क्लूडवरही हवा असेल तर मॅपिंगमध्ये (फिल्टर कशावर चालेल त्या नोंदीत) डिस्पॅचर म्हणून तसं लिहावं लागतं. ही सोय सर्व्हलेट २.४ पासून आहे. लॉगिनसाठी तिची गरज नाही, पहिल्या रिक्वेस्टला अडवलं की झालं.

स्प्रिंग सिक्युरिटी ६ ही सुरक्षेची लायब्ररी वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिथे परवानगीची तपासणी फॉरवर्डवरही आपोआप होते. कंट्रोलरला परवानगी असूनही जेएसपीकडे फॉरवर्ड होताच ४०३ (परवानगी नाही) आला तर कारण तेच. फॉरवर्ड या डिस्पॅचर प्रकाराला वेगळी परवानगी द्यावी लागते.

शून्याचा_भागाकार

दुसऱ्या अडचणीबद्दल. बफर वाढवू नका.

जेएसपीच्या पानाचा बफर मूळचा ८ केबी असतो. ओळी तेवढ्यात मावतात तोवर फॉरवर्डला तो पुसता येतो. ८ केबी भरले की बफर आपोआप पुढे रिकामा होतो, आणि एकदा रिकामा झालेला बफर पुसता येत नाही. मग एक्सेप्शन. पेज डिरेक्टिव्हमध्ये (पानाच्या सुरुवातीच्या सूचनेत) ६४ केबी लिहिलंत तर तीच अडचण जरा मोठ्या अहवालावर येईल, एवढाच फरक.

यात खरं तर दोन बफर असतात, एक जेएसपीच्या आउटचा (जेएसपी ज्यात लिहिते त्याचा) आणि त्याच्याखाली रिस्पॉन्सचा. त्यामुळे इज-कमिटेड विचारल्यावर फॉल्स मिळतो आणि तरीही जेएसपी:फॉरवर्ड फुटतो, असंही होऊ शकतं: वरचा बफर एकदा खाली उतरलेला असतो, खालचा अजून ब्राउझरकडे गेलेला नसतो. इज-कमिटेड तपासून फॉरवर्ड करण्याची युक्ती सुचवली जाते, तिच्या भरवशावर राहू नका.

फॉरवर्डऐवजी इन्क्लूड केलंत तर एक्सेप्शन येणार नाही, पण अर्ध्या तक्त्याच्या पोटात त्रुटीचं अख्खं पान येईल आणि स्टेटस २०० राहील. त्यापेक्षा एक्सेप्शन बरं.

योग्य क्रम असा. सर्व्हलेटमध्ये आधी सगळ्या नोंदी आणून तपासायच्या. चूक असेल तर त्रुटीच्या पानाकडे फॉरवर्ड, नसेल तर यादी रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवून अहवालाच्या जेएसपीकडे फॉरवर्ड. निर्णय पहिलं अक्षर छापण्याआधी व्हायला हवा. जेएसपीने फक्त छापावं.

आणि सर्व्हलेटमध्ये फॉरवर्ड लिहिल्यावर खाली रिटर्न लिहाच. फॉरवर्ड ही साधी मेथड आहे. ती परत येते आणि पुढच्या ओळी चालतात. त्यांनी लिहिलेला मजकूर कुठेच जात नाही, पण तिथे डेटाबेसमध्ये नोंद घालणारी ओळ असेल तर ती मुकाट्याने चालते. दुसरा फॉरवर्ड गाठला तर पुन्हा इल्लीगल-स्टेट-एक्सेप्शन. जेएसपी:फॉरवर्ड टॅगपाशी मात्र पान तिथेच थांबतं.

कंसातला_कंस

फिल्टर आणि वेब-इन्फ दोन्ही केलं, आता रिडायरेक्ट होतो. तपासणीही सर्व्हलेटमध्ये नेली. त्यावरून निघालेले पुढचे प्रश्न:

फॉरवर्डनंतर काही पानांची सीएसएस लागत नाही. चालू पानाचा दुवा ठळक करायला मेनूत गेट-रिक्वेस्ट-यूआरआय वापरतो, तिथे आता वेब-इन्फमधल्या जेएसपीचा पत्ता येतो. फॉर्म साठवून यादीकडे फॉरवर्ड केल्यावर रिफ्रेश केलं की नोंद दोनदा पडते. आणि एका जुन्या पानात स्क्रिप्टलेटमधून (पानातच लिहिलेल्या जावा कोडमधून) रिक्वेस्ट-डिस्पॅचरचा इन्क्लूड आहे, तिथे तळाची पट्टी सगळ्यात वर येते!

आधी_हेडर

सीएसएस: फॉरवर्ड झाल्याचं ब्राउझरला कळतच नाही. त्याच्या लेखी पत्ता मूळचाच, त्यामुळे सापेक्ष दुवे तो मूळ पत्त्याच्या फोल्डरपासून मोजतो. दुवे जेएसटीएल या टॅगसंचातल्या सी:यूआरएल टॅगने, '/' ने सुरू करून द्या, म्हणजे पुढे कॉन्टेक्स्ट पाथ (पत्त्यातला ॲपच्या नावाचा भाग) आपोआप लागतो. उलट डिस्पॅचरला दिलेल्या पत्त्यात कॉन्टेक्स्ट पाथ घालायचा नाही, कारण तो ॲपच्या मुळापासूनच मोजला जातो. घातला तर ४०४.

मेनू: फॉरवर्डनंतर गेट-रिक्वेस्ट-यूआरआय लक्ष्य पानाचा पत्ता देतो. मूळ पत्ता 'जकार्ता.सर्व्हलेट.फॉरवर्ड.रिक्वेस्ट_यूआरआय' या ॲट्रिब्यूटमध्ये असतो, आणि एकामागून एक फॉरवर्ड झाले तरी तो पहिल्या रिक्वेस्टचाच राहतो. टॉमकॅट ९ वरून कोड आणला असेल तर तिथे हेच नाव 'जावाएक्स' ने सुरू होत होतं. ते मजकुराच्या स्वरूपात असल्याने कंपायलर पकडत नाही, नुसतं नल मिळतं. गेट-नेम्ड-डिस्पॅचर वापरून फॉरवर्ड केलं असेल तर हे ॲट्रिब्यूट लागतच नाहीत.

दुहेरी नोंद: डेटा बदलणाऱ्या पोस्टनंतर यशस्वी वाटेवर फॉरवर्ड नको, रिडायरेक्ट करा. मग रिफ्रेशला फक्त यादीचं गेट पुन्हा होतं. फॉर्ममध्ये चूक असेल तेव्हा मात्र फॉरवर्डच, कारण भरलेली मूल्यं आणि चुकांचे संदेश त्याच रिक्वेस्टमध्ये असतात. रिडायरेक्टने ते हरवतात.

शून्याचा_भागाकार

वर चढलेल्या तळपट्टीचं कारण पुन्हा ते दोन बफर. स्क्रिप्टलेटमधला इन्क्लूड थेट खालच्या रिस्पॉन्समध्ये लिहितो. तुमच्या पानाचा मजकूर तेव्हा वरच्या बफरमध्येच अडकलेला असतो आणि नंतर उतरतो. ती ओळ काढून जेएसपी:इन्क्लूड टॅग लावा, क्रम सुधारेल. सर्व्हलेटने आधीच गेट-आउटपुट-स्ट्रीम घेतली असेल आणि मग जेएसपी इन्क्लूड केली तर वेगळ्याच कारणाने एक्सेप्शन येतं: जेएसपीला रायटर (अक्षरं लिहिण्याची वाट) हवा असतो, स्ट्रीम ही बाइट लिहिण्याची वाट, आणि एका रिस्पॉन्सवर दोन्ही चालत नाहीत.

तुकडा_क्र_७

एवढं करण्यापेक्षा सगळीकडे इन्क्लूड डिरेक्टिव्ह का नाही? तुकडा कंपाइल होतानाच पानात चिकटतो, वेगळी रिक्वेस्ट फिरत नाही, वेगही जास्त.

शून्याचा_भागाकार

वेगाचा फरक एरवी जाणवण्याइतका नसतो. डेटाबेसची एक क्वेरी त्याहून महाग पडते. डिरेक्टिव्हचे त्रास मात्र खरे आहेत. दोन तुकड्यांत एकाच नावाचं स्क्रिप्टलेट व्हेरिएबल असलं की पान कंपाइल होत नाही. पान फार वाढलं तर तयार होणारी सर्व्हिस मेथड जावाच्या ६४ केबी मर्यादेबाहेर जाते आणि कंपायलर 'कोड टू लार्ज' म्हणून थांबतो. शिवाय प्रत्येक फाइलचं एन्कोडिंग वेगळं ठरतं: मुख्य पानात पेज-एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे म्हणून तुकड्याला ते लागू होत नाही, तुकड्यातही लिहावं लागतं. नाहीतर तेवढ्याच भागातली देवनागरी अक्षरं कचरा होऊन येतात. कंटेंट-टाइप मात्र दोन्हीकडे वेगवेगळा लिहिला तर भाषांतराच्या टप्प्यावरच चूक येते.

टॅगलिब आणि स्थिर मूल्यांच्या घोषणांसाठी डिरेक्टिव्ह, पॅरामीटर घेणाऱ्या तुकड्यांसाठी जेएसपी:इन्क्लूड. पूर्ण मांडणीसाठी टॅग फाइल या दोन्हींपेक्षा सोयीची: वेब-इन्फच्या टॅग्ज फोल्डरमध्ये एक फाइल, आणि प्रत्येक पान आपला मजकूर तिच्या पोटात देतं.

जेएसपी:इन्क्लूडला दिलेली फाइल नसेल तर साधा ४०४ मिळेल असं समजू नका. टॅगचा पत्ता जेएसपी नसलेल्या स्थिर फाइलचा असेल तर डिफॉल्ट सर्व्हलेट फाइल-नॉट-फाउंड-एक्सेप्शन फेकतो आणि रिस्पॉन्स कमिट झालेला नसेल तर पूर्ण पानच ५०० होतं. जाहिरातीच्या तुकड्यासारखा नसला तरी चालणारा भाग असेल तर तो सी:इम्पोर्टने आणा आणि त्याभोवती सी:कॅच (एक्सेप्शन तिथेच अडवणारा टॅग) लावा.