मदत हवी आहे: जुन्या केबिन क्रूझरचं इंटिरियर स्वतः करतोय, किती उघडायचं आणि कुठून सुरुवात करायची?

नमस्कार मंडळी,

२८ फुटी फायबरची केबिन क्रूझर घेतलीय, १९८० च्या दशकातली, इनबोर्ड पेट्रोल इंजिन. घेण्याआधी हल (बोटीचं बाहेरचं कवच) आणि इंजिन जाणकाराकडून तपासून घेतलं होतं, तिथे काळजीचं काही निघालं नाही. आतलं काम मात्र जवळपास सगळं मूळचंच आहे आणि त्यावर आधीच्या मालकांनी आपापल्या परीने केलेल्या डागडुज्या आहेत. बोट सध्या पाण्याबाहेर स्टँडवर आहे, वर ताडपत्री आहे, त्यामुळे कामाला घाई नाही. सुतारकाम मला बऱ्यापैकी येतं, कपाटं, ओटा वगैरे केलंय, पण फायबर-रेझिनचं काम कधी केलेलं नाही आणि बोटीच्या आत एक कोपरा काटकोनात मिळेल तर शपथ. ही बोट मला मनापासून आवडलीय, तिची ठेवण सुंदर आहे, त्यामुळे वरवर रंगरंगोटी करून मोकळं व्हायचं नाहीये, पुढची वीसएक वर्षं टिकेल असं काम करायचंय.

आता काय काय दिसतंय ते सांगतो.

छताला फोमवालं व्हिनाइल हेडलायनर आहे आणि ते जागोजागी लोंबायला लागलंय. एका कोपऱ्यात ओढून बघितलं तर व्हिनाइल अलगद हातात आलं पण मागचा फोम पार मेलाय, त्याची तपकिरी चिकट पूड झालीय, ती डोक्यावर खांद्यावर पडते आणि उरलेली फायबरला अशी चिकटून बसलीय की पट्टीने खरवडली तर फक्त पसरते.

खिडक्यांच्या खाली सगळीकडे ओघळ आहेत. नीट टॉर्च मारून बघितलं तर ओघळ काचेच्या कडेपासून सुरू होतच नाहीत, फ्रेमच्या खालच्या स्क्रूंपासून होतात. तिथून पाणी पॅनलच्या मागे उतरलंय, लॅमिनेट खालच्या कडेने सुटलंय आणि आतला प्लाय काळा पडलाय.

सगळ्यात जास्त काळजी फ्लोअरची. आत उतरायच्या पायरीपाशी, गॅलीसमोर (स्वयंपाकाच्या ओट्यासमोर) पाय दिला की जमीन दबते. तिथली छोटी तपासणीची झाकणी काढून कडेला टोच्या लावला तर प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत आला. त्याच्या खाली स्ट्रिंगर आहेत, म्हणजे हलला आतून लांबीभर ताकद देणारे दांडे, आत लाकूड आणि वरून फायबरचं कवच. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत ठोकत गेलो, बहुतेक ठिकाणी टणक आवाज येतो पण दोन ठिकाणी भद्द येतो. दोन्ही जागा सखल भागात आहेत, जिथे बिल्जकडे (बोटीच्या तळाच्या खोलगट जागेकडे) जाणारं पाणी साचत असणार.

वायरिंगमध्ये काय कुठे जातंय कळत नाही. काही वायरी घरगुती एकतारी आहेत, पिळून टेप मारलेले जोड आहेत, निगेटिव्ह कुठे काळी तर कुठे पिवळी. सिंकच्या खाली हलमधून बाहेर जाणाऱ्या पाइपवर जुना गेट व्हॉल्व्ह आहे, त्याचं चाक फिरत नाही.

दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे सगळं काढून हल उघडा करायचा आणि मग पायापासून बांधत यायचं. दुसरा म्हणजे एकेक भाग घ्यायचा, आधी पुढचा बर्थ, मग गॅली, मग मागचं, म्हणजे उरलेली बोट जागेवर राहते आणि जुने भाग मापाला मिळतात. मन पहिल्याकडे ओढतंय कारण ओल कुठवर गेलीय हे अर्धवट उघडून कळणार नाही असं वाटतं, पण सगळं एकदम काढलं तर बोटीचा आकार बिघडेल का अशीही भीती आहे.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: स्ट्रिंगर आतून ओला आहे का हे सगळा न कापता कसं ओळखायचं? फायबरच्या कामाला रेझिन कुठलं, इपॉक्सी की पॉलिएस्टर? कामांचा क्रम काय ठेवायचा? आणि छताची ती पूड कशी काढायची?

सुकाणू:
सगळं काढायचं की भागाभागाने, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी पाणी येतं कुठून ते शोधून बंद करा, तोवर आत नवीन काहीही बसवू नका. जुन्या बोटीतलं लाकूड वयाने फारसं कुजत नाही, वरून झिरपणाऱ्या गोड्या पाण्याने कुजतं. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाइपने हळू धारेचं पाणी सोडा, पण खालून वर जात. आधी फ्रेमची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग डेकवरचे रेलिंगचे पाय, क्लीट (दोर बांधायचे खुंटे), हॅच (आत उतरायची झाकणं). वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं आणि नेमकी जागा कळत नाही.

डेकवरची प्रत्येक फिटिंग एकेक करून काढा. भोक थोडं मोठं करा, फायबरच्या दोन थरांमधला डेकचा गाभा ओला दिसला तर कोरून वाळवा, मग ते भोक घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा आणि सुकल्यावर त्यातून मूळ मापाचं भोक पाडा. असं केलं की उद्या सीलंट गेला तरी पाणी गाभ्याला लागत नाही. हे किचकट काम आहे पण अख्ख्या बोटीत याच्याइतका उपयोगी वेळ दुसऱ्या कशावर जाणार नाही.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावू नका, प्लास्टिकला तडे जातात. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी सीलिंग पट्टी) किंवा ॲक्रिलिकसाठीचा सिलिकॉन चालतो. ॲक्रिलिक उन्हात बरंच प्रसरण पावतं, स्क्रू त्यातूनच जात असतील तर भोकं स्क्रूपेक्षा मोठी हवीत. आणि जिथे पुढे रंग किंवा रेझिन लागणार आहे तिथे सिलिकॉन अजिबात नको, त्याचा अंश राहिला तरी वरचं काही धरत नाही.

बल्कहेडबद्दल तुमची भीती बरोबर आहे. जी आडवी भिंत फायबरच्या पट्ट्यांनी हलला जोडलेली आहे ती नुसतं पार्टिशन नाही, ती बोटीचा आकार धरून असते. कपाटं, बर्थ, पॅनल खुशाल काढा, पण अशा भिंती एका वेळी एकच. आणि स्टँडचा आधार सगळीकडे सारखा बसलाय ना ते आधी बघून घ्या, दबलेल्या हलवर नवीन फ्लोअर बसवलं तर बोट पाण्यात गेल्यावर दारं अडकतात.

फायबरवाला:
स्ट्रिंगरचं सांगतो. आवाज फक्त संशयाची जागा दाखवतो. तिथे बाजूने, तळापासून थोडं वर, ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलवर काय भुगा येतो ते बघा. फिकट आणि कोरडा आला तर लाकूड चांगलं आहे, इपॉक्सीने भोक बुजवून टाका. गडद, ओला, आंबूस वासाचा आला तर दोन्हीकडे सरकत सरकत भोकं पाडा, कोरडा भुगा येईपर्यंत. ओल कुठवर आहे याचा नकाशा तुमच्या हातात येतो आणि तेवढंच कापायला लागतं. मॉइश्चर मीटर मिळाला तर वापरा पण एकट्या त्याच्यावर जाऊ नका.

काढताना वरची फायबरची त्वचा कापा, बाजूच्या उभ्या त्वचा शक्यतो ठेवा, त्या साच्याचं काम करतात. आतलं सडलेलं पटाशीने काढून टाका, पूर्ण वाळवा, नवीन लाकूड इपॉक्सीत बसवा आणि वरून परत कापड-रेझिनचे थर द्या. इंजिन ज्या स्ट्रिंगरवर बोल्ट केलंय तिथे सडका भाग निघाला तर इंजिन उचलल्याशिवाय आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

रेझिन इपॉक्सीच घ्या. जुन्या पॉलिएस्टरला नवीन पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी जास्त चांगली धरते. पण कापड बघून घ्या, कारण काही चॉप्ड स्ट्रँड मॅटचा (तुकडे केलेल्या काचतंतूंच्या चादरीचा) बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, ती मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही. विणलेलं किंवा बायॲक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड घ्या. जोडाआधी जुना रंग, तेल, मेण सगळं जाऊन फायबर घासून स्वच्छ दिसलं पाहिजे. सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन मगच घासा. ग्लोव्हज कायम, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही. आणि घासताना धुळीचा मास्क वेगळा, रेझिन-थिनरच्या वाफेचा कार्ट्रिजवाला वेगळा, एकाने दोन्ही कामं होत नाहीत.

फ्लोअरला मरीन प्लाय, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा. साध्या प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात, पाणी तिथेच जाऊन बसतं. कापल्यावर चारही कडा, खालची बाजू आणि प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने सील करा, कडांना जास्त हात द्या कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. स्ट्रिंगरमधली पाणी वाहायची भोकं उघडीच ठेवा. टाकी, व्हॉल्व्ह, पंप, प्रत्येकावर हात पोचेल अशी झाकणी आत्ताच ठेवा.

वल्हं:
पेट्रोल इंजिन आहे म्हणून हे वाचाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये साचते. इंजिनच्या जागेतला पंप, स्विच, ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा), जे काही विजेवर चालतं ते इग्निशन प्रोटेक्टेड, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारं लागतं, गाडीचे पार्ट दिसायला तसेच असले तरी चालत नाहीत. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवायचा हा नियम तर आहेच, पण कामाच्या दिवसांत ग्राइंडर लावण्याआधीसुद्धा बिल्ज हुंगून बघा. गॅलीत गॅस असेल तर तोही जड, सिलिंडरची पेटी आतून बंद आणि तळाशी बाहेर निचरा होणारी हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागी लावा.

एकतारी वायरी सगळ्या काढा, बोटीच्या थरथरीने आतून तुटतात. बहुतारी आणि कथील चढवलेलं तांबं घ्या, जोड क्रिंप करून त्यावर गोंदवाली हीट श्रिंक. बॅटरीपासून निघणाऱ्या पॉझिटिव्हचा मुख्य फ्यूज शक्य तितका जवळ, एबीवायसी या अमेरिकन बोट-संस्थेचं मानक ७ इंच म्हणतं. पिवळी निगेटिव्ह त्याच पद्धतीतली आहे, कारण तिकडे काळी वायर एसीची जिवंत वायर असते. तुमच्याकडे बाहेरून एसी वीज घेणार असाल तर काळ्याचा घोळ आत्ताच संपवा आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर लावा.

तो गेट व्हॉल्व्ह बोट बाहेर आहे तोवरच बदला, ब्राँझ किंवा डीझेडआर (जस्त न गमावणाऱ्या) पितळेचा बॉल व्हॉल्व्ह. साधं पितळ पाण्यात राहून आतलं जस्त गमावतं, खरवडल्यावर गुलाबी दिसलं तर समजा ते हातात तुटायला आलंय. अजून एक, जुन्या एक्झॉस्टवर पांढरट गुंडाळी असेल तर ती फाडू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या नेमक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. पाइपने पाणी सोडून बघितलं, खिडक्यांचे खालचे स्क्रू तर निघालेच, पण पायरीपाशी जमीन का दबते तेही कळलं: वर डेकवरच्या रेलिंगच्या एका पायातून पाणी पॅनलमागून सरळ तिथे उतरतंय. स्ट्रिंगरला भोकं पाडली, एका जागी भुगा कोरडा आला, दुसरीकडे काळा, पण ओल हातभर लांबीतच आहे आणि इंजिनपासून दूर. त्यामुळे आता ठरलं की पॅनल, हेडलायनर आणि फ्लोअर सगळं काढणार, बल्कहेड जागेवरच. क्रम असा धरलाय: डेक फिटिंग आणि खिडक्या, मग स्ट्रिंगर, व्हॉल्व्ह आणि वायरिंग, मग फ्लोअर, शेवटी पॅनल आणि छत. काढलेलं प्रत्येक पॅनल वजन करून लिहून ठेवतोय म्हणजे नवीन काम जुन्यापेक्षा जड होऊन बोट एका बाजूला किंवा मागे बसायला नको.

छताचं मात्र अजून अडलंय. पूड कशी काढायची आणि नवीन काय लावायचं, परत व्हिनाइल चिकटवू की पॅनल करू?

सुकाणू:
पॅनल करा. पूड काढायला थिनर बंद केबिनमध्ये नको, वाफ साचते आणि पूड नुसती लगदा होते. ड्रिलला कडक ब्रश लावा, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम, डोळ्यांना गॉगल, आणि थोडा भाग झाला की थांबून बाहेर या. छताच्या फायबरला लाकडी पट्ट्या इपॉक्सीने चिकटवा, स्क्रू मारू नका नाहीतर डेकला नवीन भोकं होतील. पट्ट्यांच्या मधे बंद पेशींचा (पाणी न पिणारा) फोम घट्ट चिकटवा, मागे हवा राहिली तर दमट हवेचं तिथे पाणी होतं. त्यावर ४ मिलिमीटर प्लायची पॅनल, व्हिनाइल मागे दुमडून, स्क्रूने पट्ट्यांना. गोंद उष्णता सहन करणारा घ्या, उन्हात डेक चांगलाच तापतो. फिटिंगचे नट जिथे येतात तिथलं पॅनल एकटं निघेल असं कापा.

मापासाठी जुनं हेडलायनर वापरू नका, ते ताणलेलं आहे. पातळ प्लायच्या पट्ट्या कडेकडेने धरून हॉट ग्लूने एकमेकींना चिकटवा, तो सांगाडा बाहेर काढून प्लायवर ठेवून आखा. वक्र कडा असो की तिरपा कोपरा, जशीच्या तशी उतरते. फक्त कापायच्या आधी हॅचची रुंदी मोजा आणि ते पॅनल आत कसं वळवून न्यायचं ते सांगाड्यानेच करून बघा, न गेलं तर जोड बल्कहेडच्या वर घ्या, तिथे पट्टी मारली की दिसत नाही.