खवले वाटून मैत्री मिळते का?

मृद्गंध
लेकीच्या बालवाडीत (वय साडेचार) या महिन्याचा विषय ‘मैत्री’ आहे. वर्गात मार्कुस फिस्टर यांचं १९९२ सालचं ‘द रेनबो फिश’ वाचून दाखवलं. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एका माशाच्या अंगावर चमचमते खवले असतात. छोटा निळा मासा एक खवला मागतो, हा त्याला हाकलून देतो. मग सगळे मासे त्याला टाळू लागतात. ऑक्टोपस सांगते, खवले वाटून टाक. तो वाटत जातो, शेवटी स्वतःकडे एकच उरतो, आणि आता सगळे त्याच्याशी खेळतात.

दुसऱ्या दिवशी लेक केसांतली क्लिप आणि डब्यातली चिक्की देऊन आली. “आता ती माझी मैत्रीण आहे.” तिसऱ्या दिवशी द्यायला काही नव्हतं, म्हणून शाळेत जायचं नाही म्हणून रडली. मला फार वाईट वाटलं. पुस्तकातून मैत्री शिकवूच नये असं माझं मत झालंय. ती अंगणात, भांडून, कट्टी-बट्टी करून येते. गोष्ट फक्त गोष्ट म्हणून वाचावी.

बालवाडीताई
पूर्ण असहमत. मी १९ वर्षं बालवाडीत आहे. “मला कुणी खेळायला घेत नाही” हे चार वर्षांचं मूल तोंडाने सांगत नाही. ते चित्रावर बोट ठेवतं आणि म्हणतं, “हा एकटाच आहे.” अंगणात भांडण सुरू असताना त्याच्याशी बोलता येत नाही, तेव्हा ते रडत असतं. चित्रातल्या माशाबद्दल मात्र ते शांतपणे बोलतं.

तुमच्या लेकीच्या वर्गात बहुधा पुस्तक संपल्यावर कुणीतरी म्हणालं असेल, “बघा, वाटलं की मित्र मिळतात.” चूक तिथे झाली. मासा एकटा पडतो त्या पानावर थांबायचं, पान उलटायची घाई करायची नाही. मुलंच बोलायला लागतात.

चंदेरी
ताई, सगळा दोष वाचणाऱ्यावर नको. या पुस्तकात खवल्यांना खरी चकाकी आहे, मुलं त्यावरून बोटं फिरवतात. त्यांच्या मनात राहते ती चमकती वस्तू. शिवाय बाकीचे मासे काय करतात ते पाहा. एक खवला दिला नाही म्हणून सगळ्यांनी मिळून अबोला धरला! माझ्या मुलाच्या वर्गात “खोडरबर दे, नाहीतर तुला खेळायला घेणार नाही” असं चालतं तेव्हा आपण दटावतो. पुस्तकात त्या माशांना कुणीच काही म्हणत नाही.

नाना_सातारा
चंदेरी यांच्याशी सहमत, पण मग पुस्तकच नको हे पटत नाही. पंचतंत्रातल्या पाच तंत्रांपैकी पहिली दोन मैत्रीवरच आहेत, आणि आधी येतो तो मित्रभेद: दमनक कोल्ह्याच्या कानभरणीने सिंह आणि बैल यांची मैत्री तुटते. मैत्री जुळण्याची गोष्ट दुसऱ्या तंत्रात. तिथेही लघुपतनक कावळा मैत्री मागतो, तेव्हा हिरण्यक उंदीर आधी साफ नकार देतो. तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी? बराच वेळ बोलणं होतं, विश्वास बसतो, तेव्हा कुठे मैत्री. नातवाला हे सांगताना मी बिळाचं चित्र काढतो, उंदीर तो काढतो. दर वेळी तो उंदराला बिळाच्या पार आत बसवतो. “नको” म्हणणारा उंदीर लहान मुलांना भेटायलाच हवा.

मृद्गंध
नाना, तुमचं वाचून काल रात्री तेच पुस्तक लेकीला पुन्हा दाखवलं. निळा मासा खवला मागतो तिथे थांबले आणि विचारलं, “नाही म्हटलं तर चालेल का?” बराच वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, “चालेल. पण असं ओरडायचं नाही.”

ताई, थांबण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण वर्गात ३० मुलं असतात. तिथे एका पानावर इतका वेळ कोण थांबणार?

बालवाडीताई
मी दहा-दहाचे गट करते, तेच पुस्तक तीन दिवस चालतं. विषय महिन्यात संपवायचा नाही, एवढं शाळेला पटवावं लागतं. मला दोन वर्षं लागली.

चंदेरी
मृद्गंध, लेक हे तुमच्या मांडीवर बसून म्हणाली. वर्गात क्लिप मागणारी मुलगी समोर उभी असेल. तेव्हा ती काय म्हणते ते इथे नक्की लिहा.