प्रतिसाद: आयात शुल्क आणि मजुरांचे नवे नियम

वर कोणीतरी लिहिलंय की आयात शुल्क ही मोठ्या बिल्डरांची डोकेदुखी, आपल्यासारख्या छोट्या ठेकेदारांना काय त्याचं. पटलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर (म्हणजे पत्रे, कॉइल वगैरे) २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड शुल्क लागलं, म्हणजे स्वस्त आयातीपासून देशी कारखान्यांना वाचवायला लावलेलं तात्पुरतं आयात शुल्क. सळई त्यात येत नाही, म्हणून आमच्यातले बरेच जण निर्धास्त होते. पण माझं चाकणला शेडचं काम चालू होतं, म्हणजे सगळा पत्र्याचा मामला! कोटेशनवर मीच हौसेने 'भाव पक्का' लिहून बसलेलो, आणि पुरवठादाराने दोन आठवड्यांत दर बदलला. तेव्हापासून कोटेशनची मुदत १५ दिवस, आणि शुल्क किंवा कर बदलला तर फरक ग्राहकाकडे, हे कलम छापूनच ठेवलंय. कटकट होते, पण सही करतात.

मजुरांचं जास्त गंभीर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्यात. नेमणूकपत्र द्यायचं, आणि माणूस काम सोडून गेला की दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता. आपल्याकडे छठला बिहारची पोरं निघतात तेव्हा मुकादम म्हणतो, "परत आल्यावर बघू." ते आता चालणार नाही. परप्रांतीय मजूर १० किंवा जास्त असतील तर गावी जाण्यायेण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे, ती दर काढतानाच धरा. मी हजेरीवहीत 'मूळ गाव' आणि 'रुजू तारीख' असे दोन रकाने वाढवलेत. मुकादम अजून कुरकुरतोय.