विजेच्या मीटरपासून १२० मीटरवरच्या गोठ्यात लाइन न्यायची आहे, कुट्टी मशीन उचलत नाही

संत्रावाला_कळमेश्वर
राजेहो, एक सल्ला पाहिजे. कळमेश्वरजवळ आमचं वावर आहे, घर वावरातच, पण गोठ्याची नवीन शेड मागच्या धुऱ्याला बांधली आणि टेपने मोजलं त मीटरपासून १२० मीटर भरलं. शेडमध्ये चार बल्ब, दोन पंखे आणि २ एचपीची सिंगल फेज कडबा कुट्टी. सध्या घरातल्या बोर्डातून दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बाभळीच्या फांद्यांवरून नेली आहे. माहीत आहे चूक आहे, शिव्या नका देऊ, तात्पुरती म्हणून टाकली आणि दिवाळीपासून तशीच लटकून आहे. अडचण अशी की कुट्टीचं बटन दाबलं की नुसती हूं हूं करते, बल्ब पिवळे पडतात, मग गडी चाकाला हाताने झटका देतो तेव्हा कुठे उचलते. मशीन चालू असताना व्होल्ट मोजायचा मीटर लावून पाहिलं, घरी २२८ व्होल्ट आणि शेडमध्ये १९६. मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर दोनदा बदलला. दुकानदार म्हणते स्टॅबिलायझर घ्या. मृग लागायच्या आधी पक्कं काम करायचं आहे, अडीचची वायर टाकली त भागेल का?

जुना_वायरमन
भाऊ, पहिले तो हाताने झटका देणं आजच बंद कर. कुट्टीच्या चाकालाच पाती असते, मोटर अचानक उचलली त बोटं जातात, मी दोन जणांचे पाहिले आहेत.

आता तुझा हिशोब. १२० मीटर म्हणजे जाऊन येऊन २४० मीटर तार. दीडच्या तांब्याला किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे तुझ्या लाइनीत २.९ ओहम बसले आहेत. मोटर चालताना ११ अँपिअर घेत असेल त ३२ व्होल्ट तिथंच गेले, २२८ मधून वजा कर, तुझे १९६ बरोब्बर आले पहा. मीटर चांगला आहे तुझा. पण खरा घोळ सुरू होतानाचा आहे, त्या दोन सेकंदांत मोटर चारपाचपट करंट मागते आणि लाइन तेवढा पोचूच देत नाही. व्होल्टेज अर्धं झालं की मोटरचा जोर पाव होतो, म्हणून ते हूं हूं. कपॅसिटर काहून बदलत बसला बाबा, त्याचा काही गुन्हा नाही. आणि स्टॅबिलायझर शेडमध्ये लावला त तो व्होल्टेज वाढवायला लाइनीतून अजून करंट ओढेल, म्हणजे लाइन अजून पडेल.

अडीचने पण होत नाही, चालताना २० व्होल्ट जातातच. १६ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमची दोन कोअर (आत दोन तारा) आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी कवच असलेली केबल घे. चालताना ५ व्होल्ट पडतील, सुरू होताना २०-२५, एवढं मोटर झेलते. १० ची पण चालेल पण उद्या तू मोटर मोठी करशीलच, सगळे करतात. तांब्याची घेत बसू नको, एवढ्या लांबीला पैसा मातीत गाडणं आहे. फक्त ॲल्युमिनियमला दोन्ही टोकांना लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, पंच करून लाव, नुसती तार वळवून एमसीबीत (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटन) खुपसली त सहा महिन्यांत ढिली होऊन टोक काळं पडते.

रोटाव्हेटर_पीडित
आर्मर्ड म्हणजे उगाच खर्च असं मी पण म्हटलं होतं. साध्या पाइपात वायर घालून एक फूट खाली पुरली, पुढच्या जूनमध्ये आमच्याच ट्रॅक्टरने पाइपासकट वर काढली. अडीच फूट खोदा, खाली वाळू, केबल, वर वाळू, मग विटा आडव्या लावा म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली त आधी वीट लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते, म्हणून केबल ताणून टाकायची नाही, सापासारखी थोडी वळणं देत टाकायची. मधात पांदण आहे का? असेल त ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय खोदू नका.

संत्रावाला_कळमेश्वर
पांदण नाही, सगळं आपलंच वावर. विहिरीवर कृषी पंपाचं कनेक्शन आहे आणि ते शेडपासून ३० मीटरवरच आहे, तिथून घेतलं त?

जुना_वायरमन
ते डोक्यातून काढ. पंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येते. शिवाय ती लाइन ठराविक तासच राहते, रात्री गाय व्यायली त टॉर्च घेऊन बसशील. घरच्या बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे ते पहा, १ किलोवॅट असेल त वाढवून घे, अर्ज महावितरणच्या साइटवर होते.

म्हैसवाली_उमरेड
तारेचं सगळे बोलले, अर्थिंगचं कोणीच नाही, आणि गोठ्यात तेच महत्त्वाचं आहे. आमच्याकडे म्हैस हौदाला तोंड लावायची आणि झटकन मागे सरायची, पाणीच पीत नव्हती, दूध कमी झालं. डॉक्टर झाले, नजर काढून झाली. मी हौदात हात घातला त मला काहीच लागलं नाही, पायात चप्पल होती ना. शेवटी माझ्या भाच्याने मीटर लावला, नळ आणि ओली जमीन यांच्यात ७ व्होल्ट. आधीच्या मिस्त्रीने शेडमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थ एकत्र बांधून ठेवलं होतं. पातळ लाइनीत जेवढं व्होल्टेज पडते त्यातलं अर्धं न्यूट्रलवर चढते, ते तिथून सगळ्या लोखंडात येते. संत्रावालेभाऊ, तुमचे ३२ पडून राहिले, म्हणजे १६ न्यूट्रलवर, विचार करा. जनावर चार पायांनी ओल्यात उभं आणि ओलं तोंड नळाला, त्याला आपल्यापेक्षा लय लवकर समजते.

म्हणून शेडचं अर्थिंग वेगळं करा, अडीच मीटरचा जीआय पाइप, जनावरं उभी राहतात तिथून लांब, आणि मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतत जा, कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरते. न्यूट्रल त्याला बांधायचा नाही. आणि शेडच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं बटन, पाहिजेच पाहिजे.

जुना_वायरमन
ताई, लाखाची गोष्ट. त्यात भर एवढीच की केबलचा आर्मर घरच्या अर्थिंगला जोड, घरी ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, शेडमध्ये कुट्टीला २० चा सी टाइप, म्हणजे सुरुवातीचा जास्त करंट झेलणारा, नाहीतर सुरू होताना उगाच ट्रिप होईल. काम लायसन्सवाल्याकडूनच कर.

संत्रावाला_कळमेश्वर
बापा, म्हशीचं वाचून मी आत्ताच शेडमध्ये जाऊन आलो. आमच्या गाई पाणी पितात पण लोखंडी गव्हाणीला अंग घासत नाहीत, हे आजवर लक्षातच नव्हतं आलं. मीटर लावला, कुट्टी चालू असताना ११ व्होल्ट. मेन पाडून आलो. नागपूरला इतवारी बाजारात केबलचे भाव विचारतो उद्या. तोवर दिव्यांसाठी सोलर करू का?

रोटाव्हेटर_पीडित
दिवे आणि एक डीसी पंखा, १५० वॅटचं पॅनल आणि एक बॅटरी, मजेत चालते. आपल्याकडे उन्हाची काय कमी. श्रावणात दोनतीन दिवस ढग राहिले त पंखा बंद ठेवा. कुट्टीचं मात्र नाव काढू नका त्याच्यावर.

जुना_वायरमन
आणि कुट्टी कधीही रिकामी सुरू करायची, वेग पकडला की मग कडबा घालायचा. मेन पाडला ते ठीक, बाभळीवरची वायर काढली का ते सांग.