शाळेतली देणगी-दौड: पळतं कोण आणि चषक कोणाला?

कोलशेतकर (धागाकर्ता)

लेक सहावीत आहे. शाळा घोडबंदर रोडपासून जरा आत. नाव लिहीत नाही, उद्या वर्गात तिलाच ऐकावं लागेल.

गेली तीन वर्षं २६ जानेवारीच्या आधीच्या शनिवारी शाळेत दौड असते. आठ दिवस आधी मुलांना एक कागद मिळतो. आजी-आजोबा, शेजारी, बाबांच्या ऑफिसातले लोक यांची नावं त्यावर घ्यायची आणि प्रत्येकाच्या पुढे लिहायचं, एका फेरीला किती रुपये. मैदानावर फक्कीने २०० मीटरचा गोल आखलेला असतो. मूल जितक्या फेऱ्या मारेल तेवढ्याने गुणायचं. जमतील ते पैसे शहापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेला, पाण्याच्या टाकीसाठी. पहिल्या वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात आधी कौतुक मीच केलं होतं.

यंदा मी फेऱ्या मोजायला उभा होतो. फेरी पुरी झाली की मुलाच्या मनगटात एक रबर घालायचं, शेवटी रबरं मोजायची. माझ्या रांगेत एक मुलगा होता, शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेला. (हे मी विचारलं नव्हतं. शेजारच्या पालकांनी आपणहून कानात सांगितलं. तो वेगळाच धागा होईल.) पोरगा थांबेचना. २९ फेऱ्या, म्हणजे सहा किलोमीटरला थोडं कमी. मनगटात जागा उरली नाही तेव्हा रबरं कोपरापर्यंत चढवली. काढताना हातावर लाल वळ उठले होते आणि हा ते मित्रांना मिरवून दाखवतोय! त्याच्या कागदावर दोनच नावं होती, दोघांचा फेरीला एकेक रुपया. झाले ५८ रुपये.

चषक मिळाला तो ज्याच्या कागदावर 'ठोक रक्कम २५,०००' लिहिलं होतं त्याला. त्याच्या फेऱ्या चार, त्यातली चौथी चालत. स्टेज, पाहुणे, फोटो. २९ फेऱ्यावाल्याला सगळ्यांसारखं प्रमाणपत्र आणि एक केळं.

माझं मत: हे बंद करा. खेळ खेळाच्या जागी, देणगी देणगीच्या जागी. पालकांना द्यायचं असेल तर सरळ द्यावं, पोरांच्या पायांवर बिल कशाला फाडायचं?

दोन_पोरांची_आई

सपशेल असहमत. आणि मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे आमच्या शाळेत (वाशी) अशा कार्यक्रमाचं काम करणारी.

'सरळ द्यावं' म्हणे! एक वर्ष आम्ही तेही करून बघितलं. छान मराठी-इंग्रजी पत्रक काढलं, मुलांबरोबर पाकिटं पाठवली. परत किती आली? अकरा. पुढच्या वर्षी मुलं पळाली, तर जवळजवळ प्रत्येक घरातून काही ना काही आलं. माणूस पत्रकाला पैसे देत नाही हो, दारात उभ्या राहिलेल्या पोराला देतो.

आणि पोराला मिळतं ते वेगळंच. माझा धाकटा महालाजरा. बिल्डिंगमधल्या सात दारांवर गेला. दोघांनी दार लावून घेतलं. एकांनी विचारलं, 'तुझ्या बाबांनी पाठवलंय का?' तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आधी चिवडा खायला बसवलं, कोणती शाळा, तिथे मुलं किती, पाणी कुठून आणतात, सगळं विचारलं. याला एकाचंही उत्तर येईना. घरी येऊन मला म्हणाला, आई, आधी मला नीट सांग आपण कशासाठी मागतोय. हे कुठल्या तासाला शिकवणार?

चषकाचं म्हणाल तर तो मूर्खपणा आहे, मान्य. पण चषक चुकला म्हणून दौड बंद?

पाचपाखाडी_प्रॅक्टिकल

धागाकर्त्यांचं दुःख समजलं, पण तो २५,००० देणारा बाप खलनायक कधीपासून झाला? ५८ रुपयांत पाण्याची टाकी येत नाही. कोणीतरी मोठा चेक फाडतो म्हणून तिकडे नळ लागतो. त्याच्या मुलाला एक चषक दिला तर कोणाचं काय गेलं? पुढच्या वर्षी तो बाप पन्नास देईल. जग असंच चालतं, मुलांना सहावीत कळलं तर बिघडलं कुठे.

टवाळ_तलावपाळी

मग पळवता कशाला? पालकांचे चेक वाऱ्यावर सोडा, ज्याचा लांब जाईल तो पहिला. हलकं घ्या.

निवृत्त_पीटी_मास्तर

३१ वर्षं शाळेत मैदान शिकवलं, आता कळव्याला घरी असतो. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे दौड बंद करा म्हणणाऱ्यांनी शाळेचं वेळापत्रक उघडून बघावं. आठवड्याला पीटीचे दोन तास. त्यातला एक गणिताच्या सरांनी 'पोर्शन राहिलाय' म्हणून नेलेला. दुसऱ्या तासाला मैदानावर गॅदरिंगचा मांडव, नाहीतर स्कूलबस. ठाण्यात तर कित्येक शाळांना मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉकचं अंगण. खोखोला एका संघाचे नऊ जण मैदानात लागतात, ते नऊ उभे राहिले की पळायला जागा नाही. अशा शाळेत संस्थेचे लोक, मुख्याध्यापिका, पालक, सगळे वर्षातून एकदा मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतात ते या दौडीच्या निमित्ताने. तेवढाही दिवस काढून घेऊ नका.

दुसरं. पैशाची दौड आणि शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर शिट्टी झाल्याबरोबर सगळे सुसाट सुटतात. दुसऱ्या फेरीत पोटात कळ, तिसरीला कमरेवर हात, चौथीला 'सर, बूट चावतोय'. जाडसर मुलं आणि पाळी सुरू झालेल्या मुली कडेला बसतात आणि पुढच्या वर्षी आजारी पडतात. मी आधीचे पंधरा दिवस रोज एकच सांगायचो, शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने पळायचं. धाप लागून बोलता येईना की चाला. अशाने सगळ्यात मागे राहणारी पोरगीही दहा फेऱ्या करते.

आता धागाकर्त्यांना एक प्रश्न, राग मानू नका. अकरा-बारा वर्षांचं पोर सरावाशिवाय २९ फेऱ्या पळतंय आणि तुम्ही त्याच्या हातात रबरं चढवताय. पंधराव्या फेरीला थांबवून पाणी पाजलंत का? हातावर वळ उठेपर्यंत रबरं कशी राहिली?

कोलशेतकर

मास्तर, पाणी दिलं, पण पळता पळता. थांबवलं नाही. खरं सांगायचं तर विसाव्या फेरीनंतर मलाच तो आकडा बघायचा होता. कडेला आम्ही तिघे पालक मोठमोठ्याने मोजायला लागलो होतो.

निवृत्त_पीटी_मास्तर

हेच. प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं.

हिशेबनीस_नौपाडा

भावनांचं चालू द्या, मी माझ्या धंद्याचं बोलतो.

१) कागदावर आकडा लिहिणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं. ते पैसे कोणाच्या खात्यात जातात? पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या), संस्थेच्या, की एखाद्या बाईंच्या गूगल पेवर? तिसरं असेल तर पळा. म्हणजे त्या अर्थाने पळा.

२) '८०जी ची पावती मिळेल', म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल, असं तोंडी आश्वासन दिलं जातं. ज्या संस्थेला ती मान्यता आहे तीच पावती देऊ शकते, आणि ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाने. रोखीत २००० च्या वर दिलेत तर वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जी चा फायदाच नाही. त्यामुळे तो २५,००० वाला कर वाचवायला देतोय असं छातीठोक कोणी म्हणू नये.

३) आपल्याकडचं गल्लीतलं गणपती मंडळसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१क ची परवानगी काढतं आणि नंतर जमाखर्च दाखवतं. शाळेच्या दौडीचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागलेला कोणी पाहिलाय? कोलशेतकर, तीन वर्षांत किती जमले, टाकी बसली का?

कोलशेतकर

एकूण आकडा स्टेजवर जाहीर करतात. खर्चाचं काही नाही. मीही कधी विचारलं नाही.

आरटीई_पालक

मुळात शाळेने पालकांकडून देणगी मागणंच बेकायदा नाही का? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १३. फीव्यतिरिक्त कुठलीही देणगी घेता येत नाही. आमच्यासारख्या पालकांच्या पोरांच्या हातात तो कागद देतात तेव्हा पोराला काय वाटत असेल याचा विचार होतो का? माझी मुलगी कागद तीन दिवस दप्तरातच लपवून बसली होती. नातेवाईक कोण, तर गावाकडची आत्या आणि मामा रिक्षा चालवतो. तिने विचारलं, 'नाही आणला तर पळू देतील ना?'

हिशेबनीस_नौपाडा

ताई, एक दुरुस्ती. कलम १३ प्रवेश देताना घेतलेल्या देणगीबद्दल आहे, त्यात दुसऱ्या गावच्या शाळेसाठीची ऐच्छिक दौड सरळ बसत नाही. पण 'ऐच्छिक' हा शब्द तुमच्या मुलीच्या प्रश्नात उघडा पडला, हे खरं.

दोन_पोरांची_आई

आरटीई_पालक, हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही कागद वर्गात मोठ्याने वाचतात. त्यात काही चुकतंय हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

चरईचा_सध्या_टोरांटो

इथली पद्धत सांगतो, कारण फेऱ्यांची-पैशाची ही दौड इथे फार रुळलेली आहे. टेरी फॉक्स नावाचा मुलगा, हाडाच्या कर्करोगामुळे अठराव्या वर्षी उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. मागणं काय, तर कर्करोगाच्या संशोधनासाठी माणशी एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, मग आजार फुप्फुसात पसरल्यामुळे थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये गेला, वय २२. त्याच्या नावाने दरवर्षी सप्टेंबरमध्ये दौड होते, शाळाशाळांतून मुलं भाग घेतात. त्यात क्रमांक नाही, बक्षीस नाही, किमान रक्कम नाही. चाला, पळा, सायकल चालवा, चाकाच्या खुर्चीतून या.

मुद्दा एवढाच, की चषक काढला की दौड मरते हा समज चुकीचा. इथे चाळीसहून जास्त वर्षं चषकाविना चालू आहे.

पाचपाखाडी_प्रॅक्टिकल

तो कॅनडा आहे हो. इथे दहीहंडीलासुद्धा लाखांची बक्षिसं लागतात.

जुनी_पानं

कॅनडापर्यंत कशाला जाता, तळेगाव दाभाडे बघा. पैसा फंड! अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना, टिळकांचा पाठिंबा. दरसाल माणशी एक पैसा. त्या पैशापैशातून १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. गंमत अशी, की माणशी पैसाच मागितला म्हणून गरिबाला कमीपणा वाटला नाही आणि श्रीमंताला वर चढून बसता आलं नाही. कर्मवीर भाऊरावांच्या रयतला लोकांनी मूठमूठ धान्य दिलं तेही याच चालीचं. शाळेने ठरवावं, फेरीला एकच दर, सगळ्यांना एक रुपया. वर कोणाला द्यायचं असेल तर ऑफिसात जा, पावती घ्या, स्टेज नाही.

पाचपाखाडी_प्रॅक्टिकल

आणि जमणार किती? ८०० मुलं गुणिले दहा फेऱ्या, आठ हजार. घ्या टाकी.

शहापूरचा_गुरुजी

इतके दिवस नुसता वाचत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, तुमच्या धाग्यातली शाळा ती नव्हे, पण घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे म्हणून लिहितो.

पैसे नकोत असं म्हणण्याची आमची ऐपत नाही. भातसा आणि तानसा दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात. मुंबईला सगळ्यात जास्त पाणी भातसातून जातं. मार्च उलटला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. तेव्हा टाकी हवी, टाकीवर झाकण हवं आणि ते तुटलं की बदलायला कोणीतरी हवं. हे शेवटचं कोणी देत नाही.

येतात काय, तर दप्तरं. गेल्या वर्षी तीन ठिकाणांहून दप्तरं आली. पटावर ४१ मुलं. तिसऱ्या वेळी पोरांनी आपली आपणच ओळ लावली, कारण फोटोला उभं कसं राहायचं ते त्यांना पाठ झालंय. मला ते बघवलं नाही. एका संस्थेच्या ताईंनी विचारलं, 'तुमच्या मुलांना अजून काय हवं?' माझ्याआधी चौथीतला एक बोलला, 'कबड्डीला समोर टीम.' ताई हसल्या आणि दप्तर दिलं.

तुमच्या पोरांना आमच्यासाठी पळवता, छान आहे. आमची पोरं रोज दोन-अडीच किलोमीटर चालत शाळेत येतात, २९ फेऱ्या त्यांनाही होतील. एकदा गाडी करून तुमची टीम घेऊन या. मैदान आहे आमच्याकडे, शेणाने सारवलेलं नाही पण दगड वेचून ठेवतो. हरलात तर भाकरी आम्ही घालू, जिंकलात तरी घालू.

निवृत्त_पीटी_मास्तर

गुरुजी, दिवस कळवा. मी पंच म्हणून येतो. बसची सोय नसली तर लोकलने आसनगाव गाठतो.

पाचपाखाडी_प्रॅक्टिकल

ठीक. टाकीच्या झाकणाचं आणि वर्षाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक काढून द्या, माझ्या ओळखीतून बघतो. चषक नको. पण दौडीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मोठे देणारे लपवून ठेवलेत तर ते दुसरीकडे देतील.

दोन_पोरांची_आई

त्या मतावर उद्या भांडू. आज पाकिटात घालायचा बिननावाचा कागद तयार करतेय: नाव नाही, रक्कम नाही, फक्त 'मी पळणार' समोर खूण.

टवाळ_तलावपाळी

कोलशेतकर, सगळ्यांनी बोलून झालं. त्या २९ वाल्याला कोणी विचारलं का?

कोलशेतकर

काल लेकीला सांगून विचारलं. चषकाचं त्याच्या लक्षातही नव्हतं, किंवा तसं दाखवलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी तीस. आणि काकांना सांग, रबरं जरा सैल आणा.